बावीस लाखांपैकी

वेर्ण्याच्या सड्यावर, औषधांच्या कारखान्यांच्या मागे,
एकोणपन्नास मीटरचं पातं,
बुंध्याशी काँक्रीटच्या ठोकळ्याला बोल्टांनी आवळलेलं,
आडवं,
वर खाली, वर खाली.

वारा नाही. शेडमध्ये पंखासुद्धा नाही.
पाठीवर बसवलेलं एक वजन थोडंसं हलतं,
झोपाळ्याला एका पायाने रेटा द्यावा तेवढंच,
आणि पातं आपसूक त्याच्या लयीत येतं.
टोक वर जातं तेव्हा वाटतं, आता पत्र्याला लागणार.
खाली येतं ते जमिनीवरच्या पिवळ्या रेषेपर्यंत.
मी त्या रेषेच्या अलीकडे. खुर्ची, टेबल, वही.

रात्री दोनला: नऊ लाख सत्तर हजार दोनशे बारा.
तीनला: नऊ लाख बहात्तर हजार पाचशे बावन्न.
संगणक लिहीत असतोच,
पण शिंक्रे साहेबांना आकडा शाईतही लागतो.

याच साच्यातून निघालेली याची भावंडं
कच्छात फिरताहेत, सांगलीकडच्या पठारांवर फिरताहेत.
याला वारा कधी भेटायचाच नाही.
वीस वर्षांचं दमणं
चाळीस दिवसांत दमून घ्यायचं,
मग करवत.

ठरलेल्या आकड्याला सगळं थांबतं.
थांबतं म्हणजे, हळूहळू विसरतं.
टोक बराच वेळ हलत राहतं.
मग बेतूलचा इनास चप्पल काढतो
(साहेब रागावतात, बूट घाल म्हणतात, तो घालत नाही)
आणि पात्याच्या कडेने चालत जातो,
हातात पाच रुपयांचं जुनं, जाड नाणं.
टक. टक. टक. टक.
आधी तो ट्रॉलरांची फायबरची बुडं सांधायचा.
टक. टक.
बावीस मीटरच्या खुणेजवळ
टप.

मागे आला. पुन्हा टप.
पाण्याच्या पिंपावर थाप मारावी तसला आवाज नव्हता,
त्याहून बारीक,
कुणी 'हो' म्हणता म्हणता थांबल्यासारखा.
लाल खडूने वर्तुळ काढलं, आत तारीख.
"आत थर सुटलाय," इनास म्हणाला,
"पण अजून धरून आहे."
उष्णतेच्या कॅमेऱ्याला तो डाग
दोन दिवसांनी दिसला, जांभळ्यात थोडा पिवळा.
लय किंचित उतरली होती तोवर, दशांशाच्या दुसऱ्या घरात.
साहेबांनी कागद पाहिला, म्हणाले, चालू ठेवा.

त्या रात्री मी वहीच्या मागच्या पानावर
एक वेगळंच गणित मांडलं.
आई डिचोलीच्या काजूच्या कारखान्यात:
हाताने बी लावायची, पायाने खटका दाबायचा.
दिवसाला तीन हजार बिया.
वर्षाचे तीनशे दिवस, तेवीस वर्षं.
दोन कोटी सात लाख.
पुन्हा गुणलं. तेवढंच आलं.
तिच्या पायाला एकही तार चिकटवलेली नव्हती.
उजवा गुडघा नेमका कितव्या बीला टप झाला
हे कुठल्या वहीत असणार?
मालकाच्या वहीत किलो होते.

ते पान मी फाडलं नाही. साहेबांना दिसलं असेल.
काही बोलले नाहीत.

सकाळी फाटकाशी पोदेराचा भोंपू वाजला.
इनासने खिसे चाचपले, तेच नाणं निघालं,
ते देऊन त्याने उंडो घेतला, अर्धा मला.
मी म्हटलं, अरे, ते नाणं!
तो चावत राहिला.
"दुसरं मिळेल."

कुठ्ठाळीच्या खोलीत आई जागी होती,
पाय उशीवर, बोटांवरचा काजूचा काळा डाग
इतक्या वर्षांनीही नखांच्या कडेला.
रोज विचारते तसंच विचारलं:
"मोडलें गो?"

नाही, म्हटलं. वर्तुळ सांगितलं नाही.
ती उठली, भिंतीला हात लावून,
चहा टाकायला.
एक पाऊल, मग दुसरं, ज्याला थोडा वेळ लागतो.
मी मोजायचं नाही असं ठरवलं
आणि स्टोव्हपर्यंत अकरा मोजली.